मदत हवी आहे: मांजरीचं पोट बिघडलंय

आमच्या मनीला कालपासून पातळ जुलाब होताहेत. सकाळी उलटी झाली, त्यात पिवळसर फेस आणि केसांचा पुंजका होता. रक्त नाही. पाणी पितेय, हिरड्या ओलसर आहेत, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच जागेवर बसते. पण खाण्याकडे बघतही नाही. मांजर एक-दोन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठू शकते, त्याचीच धास्ती वाटतेय. दूध बंद केलंय. माणसांची औषधं देणार नाहीच, पॅरासिटामॉल तर मांजरांना विष. डॉक्टरांची वेळ उद्या सकाळची मिळालीय. तोवर मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन थोडं भरवू का? शीचा नमुना कशात न्यायचा? आणि रात्रीतून काय दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं? अनुभव असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.