आपल्या बारा मजल्यांचे पुढे काय?

फ्लॅट ६०२: नातवाने काल नोएडातील जोडमनोरे पाडतानाचा व्हिडिओ दाखवून विचारले, "आजोबा, आपली इमारत म्हातारी झाली की तीही अशीच पाडणार का?" मला उत्तर देता आले नाही. ग्रुपवरील जाणकारांनी कृपया सांगावे.

फ्लॅट ९०१: काका, ते मनोरे म्हातारे झालेले नव्हते. बेकायदा ठरल्याने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटके लावून ते काही सेकंदांत पाडले आणि मागे सुमारे ८०,००० टन राडारोडा उरला. कोल्हापुरात आपल्या शाहूपुरीच्या दाटीत असा स्फोट करता येणार नाही. इथे वरून एकेक मजला फोडतच खाली यावे लागेल. टोकियोत सुमारे १४० मीटर उंचीचे एक हॉटेल २०१२-१३ मध्ये असेच उतरवले. माथ्यावरचे छप्पर झाकणासारखे ठेवून त्याखालचे मजले काढत गेल्याने धूळ आणि आवाज बराचसा आतच राहिला, आणि रस्त्यावरून पाहणाऱ्यांना इमारत दिवसेंदिवस बुटकी होताना दिसली.

मला खरी काळजी पैशाची वाटते. राजारामपुरीतील तीन-चार मजली इमारत जुनी झाली की बिल्डर स्वतःहून दारात येतो, कारण जादा मजले विकून त्याचा खर्च निघतो. आपल्या इमारतीने मिळण्यासारखा सगळा एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात मिळणारी बांधकामाची मुभा, बांधतानाच वापरला आहे. विकायला काही उरणारच नसेल, तर तो कशासाठी येईल? न्यूयॉर्कमधील २७० पार्क ॲव्हेन्यू ही ५२ मजली इमारत २०२१ पर्यंत पाडून झाली, पण तिची मालक एकच बँक होती आणि त्या जागी आणखी उंच बांधण्याची मुभा होती. आपण ४८ मालक आहोत. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी, बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का जमवायचा असतो, म्हणजे व्याज सोडल्यास ४० वर्षांत मूळ खर्चाच्या जेमतेम १० टक्के, आणि आपण तोही दोन वर्षांपासून थांबवला आहे.

फ्लॅट ३०४ (खजिनदार): आपले म्हणणे पटते, पण पेन्शनवर घर चालवणाऱ्या सभासदांवर आत्ताच बोजा टाकणे मला योग्य वाटत नाही. इमारतीला अजून १५ वर्षेही झालेली नाहीत.

फ्लॅट ९०१: साहेब, लिफ्टशेजारचा खांब एकदा जवळून पाहावा, ही विनंती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पार्किंगमध्ये पाणी साचून राहिले होते. त्या खांबावर गुडघ्याच्या उंचीला केसाएवढी उभी चीर आहे आणि तिच्यातून तपकिरी ओघळ आला आहे. रुपयाचे नाणे वाजवले तर वर टणक आवाज येतो, चिरेपाशी मात्र पोकळ येतो. आतली सळई गंजली की गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. चीर रुंदावली की हवा-पाणी आणखी आत जाते. दिवाळीपूर्वी आपण त्यावर पुट्टी आणि रंग मारला, ही माझ्यासह सर्वांचीच चूक झाली. १५ वर्षे झालेल्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तज्ज्ञांकडून तपासणी, करायचे असते. ते आपण आताच करून घ्यावे, आणि पेन्शनर सभासदांना सवलत ठेवून सिंकिंग फंड पुन्हा सुरू करावा, असे दोन ठराव मी रविवारच्या सभेत मांडणार आहे.

फ्लॅट ३०४ (खजिनदार): दोन्ही विषय सभेच्या पत्रिकेत घेतो. उद्या सकाळी साडेनऊला खांबापाशी भेटू.

फ्लॅट ६०२: मी नातवालाही घेऊन येतो.