मदत हवी आहे: स्पीड टेस्ट झकास, पण मीटिंगमध्ये माझाच आवाज तुटतो

नमस्कार मंडळी,

मार्चपासून संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरून काम करतोय. ऑफिस पुण्याला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभरासाठी आलो, तो इथलाच झालो. दिवसाला तीन-चार झूम कॉल असतात. सगळं सुरळीत होतं, पण गेले पंधरा दिवस घोडं पेंड खातंय.

मला सगळ्यांचं स्वच्छ ऐकू येतं. माझा आवाज मात्र पलीकडे डब्यातून आल्यासारखा जातो, मध्येच गायब होतो, मग तीन वाक्यं एकदम भराभर. परवा मी म्हणालो, "या आठवड्यात होणार नाही." त्यातला 'नाही' वाटेत सांडला. आता जागून ते काम करतोय.

फायबर आहे. रात्री जेवणं झाल्यावर टेस्ट केली: डाउनलोड ९२, अपलोड ४० एमबीपीएस. राउटर ओटीवर, मी माजघरात, मध्ये चिऱ्याच्या दोन जाड भिंती. व्हिडिओ बंद केला, राउटर बंद-चालू केला, नवा हेडफोन घेतला (१,२०० रुपये पाण्यात). मोबाईलच्या हॉटस्पॉटवर कॉल नीट होतो, पण रेंज फक्त मागच्या कलमाखाली, आणि तिथे मुंगळे.

ऑफिसचा आयटीवाला म्हणतो तुमचं नेट, नेटवाला म्हणतो "लाइन क्लिअर आहे साहेब." दोष कुठे आहे हे कसं शोधू? मेश राउटर (एकमेकांना जोडून घरभर वायफाय पोचवणारे दोन-तीन डबे) घेऊ का?

प्रतिसाद १
लगेच खर्च करू नका. नुसत्या आवाजाला १०० केबीपीएससुद्धा पुरतात, फक्त ते वेळेवर पोचायला हवेत. कॉल चालू असताना झूमच्या सेटिंग्जमध्ये 'स्टॅटिस्टिक्स' उघडा आणि ऑडिओचा जिटर (आवाजाचे तुकडे पोचण्याच्या वेळेत किती मागेपुढे होतं) आणि पॅकेट लॉस (किती टक्के तुकडे वाटेत हरवतात) बघा. सोबत राउटरच्याच पत्त्यावर सतत पिंग लावून ठेवा, म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते दिसेल. तिथेच आकडे उड्या मारत असतील तर भानगड घरातली. राउटरपर्यंत ठीक आणि पुढे वाईट, तर नेटवाल्याला धरा.

प्रतिसाद २
मेश नको. तोही वायरलेसनेच जोडणार असाल तर भिंत तीच, आणि ५ गिगाहर्ट्झचा वायफाय चिऱ्यापुढे हात टेकतो. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत कॅट ६ (नेटची) केबल ओढा, १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. पण घराबाहेरून नेऊ नका. आमच्याकडे वळवाच्या विजांत लॅपटॉपचं केबलचं भोक जळलंय.

प्रतिसाद ३
चिऱ्याची भिंत काही पंधरा दिवसांपूर्वी आली नाही. तेव्हापासून घरात नवं काय आलंय? आणि टेस्ट रात्री केलीत, मीटिंग दिवसा. ज्या वेळी आवाज तुटतो त्याच वेळी अपलोड मोजा.

धागाकर्ता
प्रतिसाद ३, साष्टांग नमस्कार. सुट्टीला भाचा आलाय! सकाळी अकराच्या कॉलला राउटरचं पिंग ४ वरून ३८० मिलिसेकंदांवर गेलं. अपलोड मोजलं तर जेमतेम दीड. ओटीवर गेलो, तर हा झोपाळ्यावर, फोन चार्जिंगला. रोज खळ्यातल्या क्रिकेटचे व्हिडिओ काढतो आणि ते सगळे बॅकअपला चढत होते. मी ऐकत होतो ते येणाऱ्या वाटेने, तुंबली होती ती जाणारी. म्हणूनच मला काही कळत नव्हतं.

बॅकअप आता कॉल संपल्यावरच. दुपारच्या मीटिंगमध्ये कोणी "आवाज येत नाहीये" म्हटलं नाही. तरी माजघरात २ टक्के पॅकेट लॉस दिसतोच, तो भिंतींचा असणार. तेव्हा केबल टाकतोय, माळ्यावरून, साधारण १८ मीटर. माळ्यावर उंदीर आहेत. साधा पीव्हीसी पाइप पुरेल का, की तोही कुरतडतात?