अथेन्समधली बिनपाटीची टॅव्हर्ना: आपण जावं का तिथे?

पायपीट:
अथेन्सला जाणारे आपले बरेच लोक प्लाकात, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसच्या पायथ्याच्या पर्यटकी भागात जेवतात. गच्चीवरून अ‍ॅक्रोपोलिस दिसतो, मेन्यूत फोटो असतात, दारात एकजण हाका मारत उभा असतो, आणि परत आल्यावर म्हणतात की ग्रीक जेवण महाग आणि काही खास नाही. माझं स्पष्ट मत आहे की दुपारचं एक जेवण तरी व्हार्वाकिओस या मासळी-मटणाच्या मार्केटजवळच्या दिपोर्तो नावाच्या टॅव्हर्नात, म्हणजे साध्या खाणावळीत जेवावं. सोक्रातूस आणि थिआत्रू रस्त्यांच्या कोपऱ्यावर तळघर आहे, पाटी नाही, फुटपाथवरून खाली उतरायला दोन दारं, आत भिंतीला लागून वाईनची मोठाली लाकडी पिंपं. १८८७ पासून चालू आहे म्हणतात. मेन्यूकार्ड नाही, त्या दिवशी जे चार-पाच पदार्थ शिजलेत तेच. काबुली चण्यांचं सूप म्हणजे रेविथिआ, त्यावर ऑलिव्ह तेल नि लिंबू, मग फावा म्हणजे पिवळी डाळ शिजवून घट्ट घोटलेली, वर कच्चा कांदा, छोटे मासे, टोमॅटो-काकडीचं सॅलड, पाव. टेबल भरलं की अनोळखी माणसाशेजारी बसायचं. आणि हे स्वस्त का, तर मार्केटमधल्या मासळीवाल्या-मटणवाल्यांसाठी ही खाणावळ आहे, व्ह्यूचे पैसे कोणी लावत नाही, पदार्थ थोडे म्हणून वाया काही जात नाही.

गौरी_ठाणे:
वाचायला छान आहे, पण सत्तरीच्या शाकाहारी सासूबाई आणि लहान मूल घेऊन कोण जाणार हो? मेन्यू नाही, आधी विचारता येत नाही, तळघरात पायऱ्या उतरायच्या, शेजारी मासे. प्लाकातल्या रेस्टॉरंटला नावं ठेवणं सोपं आहे, तिथे निदान काय खातोय ते कळतं, बाथरूम बरं असतं. स्वस्त आणि अस्सल म्हणजेच चांगलं हा हट्ट मला पटत नाही.

मेतकूट:
गौरीताई, शाकाहाराच्या बाबतीत उलट आहे. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास भरपूर, ईस्टरच्या आधी सात आठवडे, नाताळच्या आधी ४० दिवस, ऑगस्टचे पहिले १४ दिवस, शिवाय बहुतेक बुधवार-शुक्रवार, त्यात मांस, अंडी, दूध, चीज काही नाही. म्हणून भाज्या आणि डाळी-कडधान्यं भरपूर ऑलिव्ह तेलात शिजवायची पद्धतच आहे, लादेरा म्हणतात. टोमॅटोतली फरसबी, भेंडी, राजम्यासारखे मोठे पांढरे दाणे म्हणजे यिगांतेस, हे साध्या टॅव्हर्नात जितकं मिळतं तितकं टूरिस्ट मेन्यूत मिळत नाही, तिथे मुसाका आणि सुवलाकी हे मांसाचे पदार्थच पुढे. फक्त एक लक्षात ठेवा, उपासाचं म्हटलं तरी त्यात ऑक्टोपस, कोळंबी चालते, तेव्हा 'होरीस क्रेआस, होरीस प्सारी' म्हणजे मांस नको, मासे नको असं सांगा आणि वर कोळंबीचंही वेगळं विचारा.

फ्रँकफर्टकर:
माझा आक्षेप वेगळा आहे. तुम्ही जागेचा कोपऱ्यासकट पत्ता लिहिलात. मार्केटमध्ये पहाटेपासून उभा असलेला माणूस दुपारी जेवायला येतो तेव्हा त्याच्या बाकावर आपण कॅमेरा घेऊन बसलेलो असतो, एक सूप मागवतो आणि तासभर उठत नाही. अथेन्सच्या मध्यभागात पर्यटकांच्या भाड्याच्या फ्लॅट्समुळे स्थानिकांना घर मिळेना म्हणून २०२५ पासून तीन मध्यवर्ती विभागांत अशा नव्या नोंदण्या थांबवल्या, म्हणजे प्रश्न किती पुढे गेलाय बघा. घरं गेली, आता जेवायची जागापण द्यायची का? मी अशी नावं कुठेच लिहीत नाही आणि कोणी लिहू नये असंच मला वाटतं.

पायपीट:
फ्रँकफर्टकर, घरांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, पण दिपोर्तोचं नाव कित्येक वर्षं सगळ्या गाइडबुकात आहे, मी लपवून काय राखणार? आणि पर्यटक सगळे प्लाकातच गेले तर फायदा प्लाकातल्या जागामालकांचा. जायचं तर त्यांच्या रीतीने जायचं एवढंच मी म्हणतो: अगदी गर्दीच्या वेळी टेबल अडवू नका, जे आहे ते खा, खाऊन उठा, खिशात रोख ठेवा, बिलाची पावती मागा. आणि माणसांचे फोटो न विचारता काढू नका.

अण्णा_सांगलीकर:
रेत्सिनाबद्दल कोणीच बोलेना. पाइनच्या राळेचा वास असलेली पांढरी वाईन, पिंपातून पत्र्याच्या मगात येते, ग्लासवर नव्हे, किलोवर मागतात, अर्धा किलो दोघांना पुरतो. पहिल्या घोटाला अनेकांना नको होते, पण त्या चण्यांबरोबर आणि लिंबाबरोबर दुसरी कुठलीही वाईन मला चालत नाही.

फ्रँकफर्टकर:
गाइडबुकात आहे म्हणून आपणही भर घालायची हे काही उत्तर नाही. किप्सेली, पेत्रालोना भागात फिरा, गल्लीत जिथे म्हातारी माणसं जेवताना दिसतील तिथे बसा, आपली आपण शोधलेली जागा असेल, कुणाच्या एकाच बाकावर सगळे तुटून पडणार नाहीत.

गौरी_ठाणे:
मेतकूट, भेंडीचं आणि लादेराचं माहीत नव्हतं, ते लिहून घेतलं. पण सासूबाईंना तळघरात उतरवणार नाही म्हणजे नाही. पेत्रालोनात रस्त्यावर टेबलं मांडलेली असतात ना, तिथे शुक्रवारी दुपारी जाऊ, आणि प्लाकात एक संध्याकाळ तरी बसणारच, अ‍ॅक्रोपोलिस बघत जेवायचं हे त्यांनी जायच्या आधीपासून ठरवलंय आणि त्यासाठी जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही.