काचतंतूंचा कॉपर बोर्ड घरच्या घरी सरळ कसा कापावा?

प्रश्न

छंद म्हणून मी लहान सर्किट घरीच तयार करतो आणि त्यासाठी १.६ मिलिमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंना तांबे असलेला एफआर-४ बोर्ड वापरतो. मोठ्या बोर्डातून ५० बाय ७० मिलिमीटरचे तुकडे काढायचे आहेत. पत्रा कापायच्या कात्रीने प्रयत्न केला तेव्हा तुकडा किंचित वाकला आणि कडेपासून तीन-चार मिलिमीटर आतपर्यंत पांढरट पट्टा उमटला. हॅक्सॉने पहिला तुकडा बरा निघाला, पण तिसऱ्यापर्यंत ब्लेड बोथट झाले आणि कापही रेषा सोडून भरकटला. शिअर मशीन (पत्रा किंवा बोर्ड एका दाबात सरळ कापणारे यंत्र) घेणे मला शक्य नाही. कमी खर्चाच्या हत्यारांनी स्वच्छ आणि सरळ कड मिळवण्याची एखादी खात्रीची पद्धत आहे का, आणि या कामात उडणाऱ्या धुळीची कितपत काळजी घ्यावी?

प्रतिसाद १

एफआर-४ म्हणजे इपॉक्सीत बसवलेले काचेच्या विणलेल्या कापडाचे थर असतात. कात्री त्यांना कापण्याआधी दाबून वाकवते आणि त्या ताणाने थर एकमेकांपासून सुटतात. तुम्हाला दिसलेला पांढरट पट्टा तोच. तो पुन्हा पूर्ववत होत नाही आणि त्यातून ओल आत शिरू शकते, म्हणून तेवढा भाग काढून टाकावा.

सरळ कापासाठी मी अनेक वर्षे ॲक्रिलिक कापायचा, आकड्यासारख्या टोकाचा कटर वापरत आलो आहे. बोर्ड सपाट फळीवर ठेवून त्यावर स्टीलची पट्टी क्लॅम्पने घट्ट बसवावी आणि कटर स्वतःकडे ओढत खाच पाडावी. पट्टी धरलेला हात कटरच्या वाटेत येऊ देऊ नये. पहिले दोन-तीन हात अगदी हलके असावेत, कारण कटर एकदा रेषेबाहेर घसरला की पुढचा प्रत्येक हात त्याच चुकीच्या ओरखड्यात जातो. सुरुवातीला तांब्याची चकचकीत, वळलेली तार निघते. मग तिच्या जागी फिकट, भुरभुरीत कीस येऊ लागला की तांबे पूर्ण तुटले असे समजावे. त्यानंतर खाच साधारण पाव जाडीपर्यंत खोल करावी आणि बोर्ड उलटून दुसऱ्या बाजूलाही तेवढीच खाच पाडावी. एका बाजूचे तांबे अखंड राहिले, तर मोडताना ते सरळ न तुटता बोर्डावरून सोलून निघते.

दोन्ही खाचा समोरासमोर येणे हाच या पद्धतीचा प्राण आहे. रेषेच्या दोन्ही टोकांना, कडेजवळ, एक मिलिमीटरच्या ड्रिलने आरपार भोक पाडावे आणि दोन्ही बाजूंना त्याच भोकांना पट्टी लावावी, म्हणजे वेगळे माप घ्यावे लागत नाही. शेवटी खाच टेबलाच्या धारेवर आणून वरून लाकडी पट्टीने दाबावे, बाहेरचा भाग खाली मोडावा आणि उरलेले तंतू तुटण्यासाठी एकदा वरच्या दिशेने वाकवावा.

प्रतिसाद २

वरील पद्धत उत्तम आहे, मात्र एक सेंटिमीटरपेक्षा अरुंद पट्टी हाताने मोडता येत नाही, कारण पकडायला जागाच नसते. अशी पट्टी दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये धरून मोडावी. कोपरा काढून एल आकार हवा असेल तर करवतच लागते.

हॅक्सॉबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण तुमचे ब्लेड भरकटण्याचे कारण बहुधा दातांच्या संख्येत आहे. इंचाला २४ दात असलेल्या ब्लेडमध्ये दोन दातांतले अंतर एक मिलिमीटरहून थोडे जास्त असते. त्यामुळे करवत उभी धरली तर १.६ मिलिमीटरच्या जाडीत एकावेळी जेमतेम दीड दात बसतो, ब्लेड अडखळते आणि तंतू उपसले जातात. इंचाला ३२ दातांचे ब्लेड घ्यावे आणि करवत बोर्डाशी शक्य तितकी तिरपी, जवळजवळ आडवी धरावी, म्हणजे एकाच वेळी अनेक दात काम करतात. बोर्ड दोन लाकडी पट्ट्यांमध्ये दाबून व्हाइसमध्ये धरावा आणि काप पट्टीच्या कडेला लागूनच घ्यावा. काच साध्या पोलादाचे दात लवकर खाते, म्हणून नेहमीचे काम असेल तर टंगस्टन कार्बाइडचे कण बसवलेले ब्लेड घेणे परवडते.

प्रतिसाद ३

धुळीची काळजी घ्यायलाच हवी, आणि हे मी आग्रहाने सांगतो. काचेचे बारीक कण त्वचेत टोचून खाज आणतात आणि डोळ्यांना, घशाला व फुफ्फुसांना त्रास देतात. खाच पाडताना निघणारा कीस जाडसर असतो, पण फिरत्या डायमंड डिस्कने हवेत तरंगणारी अतिशय बारीक धूळ उडते, त्यामुळे बंद खोलीत ती वापरू नये. कापडी मास्क पुरेसा नाही. एन-९५ मास्क आणि चष्मा वापरावा. पंखा बंद ठेवावा, धूळ फुंकू नये, झाडू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. कडा घासायच्या झाल्या तर सपाट काचेवर २२० नंबरचा वॉटर पेपर पसरून पाणी घालून घासाव्यात, म्हणजे धूळ उडण्याऐवजी पाण्यात राहते.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. पहिल्या तुकड्यात दोन्ही खाचांमध्ये जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक पडला आणि कडेला पायरीसारखा उंचवटा राहिला. दुसऱ्या तुकड्याला टोकांची भोके पाडून रेषा घेतली, तेव्हा कड गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) बरोबर लागली. आता एवढेच विचारतो, की बोर्ड एचिंगआधी (म्हणजे नको असलेले तांबे रसायनाने काढण्याआधी) कापावा की नंतर?

प्रतिसाद १

आधी कापावा, पण चारही बाजूंनी दोन मिलिमीटर जास्त ठेवून. एचिंगनंतर कापताना कटर घसरला तर तयार ट्रॅक, म्हणजे सर्किटची तांब्याची रेघ, तुटतो. एचिंग झाल्यावर वॉटर पेपरने अंतिम मापाला आणावे आणि शेवटी दोन्ही बाजूंच्या धारांवरून बारीक कानस तांब्याकडून बोर्डाच्या जाडीकडे, एकाच दिशेने फिरवावी. उलट दिशेने फिरवली तर तांबे कडेवरून उचलले जाते, आणि तांब्याची कुसळे राहिली तर दोन्ही बाजूंचे थर कडेवरच शॉर्ट होऊ शकतात.