चर्चा: दुसऱ्याच्या घरातला खून आणि आपलं करियर

रावेरचा_केळीवाला: काल एका दादांनी टाकलं, "पोरांनो, एमपीएससी सोडा, ट्रू क्राइम डॉक्युमेंटरी काढा, ओटीटीवाले पैसे घेऊन बसलेत." डोकंच फिरलं. आमच्या गावात खून झाला होता. वर्षभराने कॅमेरावाले आले, मयताच्या आईला म्हणे, "मावशी, विहिरीकडे परत एकदा चाला, उजेड नीट आला नाही." मढ्याच्या टाळूवरचं लोणी आहे हे.

धुळेकर: तापू नका भाऊ. अमेरिकेतला डॉक्युमेंटरीवाला एरॉल मॉरिस टेक्सासला गेला एका मानसोपचारतज्ज्ञावर फिल्म करायला. तिथे सापडला रँडल अ‍ॅडम्स, पोलिसाच्या खुनात नाहक अडकलेला. 'द थिन ब्लू लाइन' १९८८ ला आली, माणूस १९८९ ला बाहेर.

रावेरचा_केळीवाला: आणि सुटल्यावर आपल्याच कहाणीच्या हक्कासाठी त्याने मॉरिसवर दावा ठोकला. ते बरं गाळलंत.

धुळेकर: गाळलं. दावा ठोकायला जिवंत राहिला ना?

साक्रीची_पोर: आमच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यावर फिल्म कोण काढणार? १ जुलै २०१८. पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा, आणि भटक्या डवरी गोसावी समाजाचे पाच जण ग्रामपंचायतीत कोंडून ठार. चार दिवस चॅनलवाले, मग शुकशुकाट. रहस्य नाही ना त्यात, मारणारा सगळा जमाव.

मोसमकाठ: पैशाचं रडगाणं नको. आमच्या खानदेशात मालेगावच्या पोरांनी साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर सिनेमे काढले.

यावलचा_भरीतप्रेमी: मालेगाव खानदेशात?? नाशिक जिल्हा आहे तो.

मोसमकाठ: जिल्हा सरकारचा, बोली आमची. तुन्हा यावलमा अहिराणी कोन बोलस?

यावलचा_भरीतप्रेमी: आमच्या लेवा बोलीवर जायचं नाही! १९०६ ला खानदेशाचे पूर्व-पश्चिम दोन जिल्हे झाले, त्यात मालेगाव दाखवा.

मोसमकाठ: म्हणजे इंग्रज म्हणतील तो खानदेश? वा रे भो.

साक्रीची_पोर: मी पाच माणसं मेल्याचं सांगतेय, तुम्ही नकाशा घेऊन बसलात.

यावलचा_भरीतप्रेमी: ताई, मुद्दा मान्य. पण मालेगाव नाशिकच.

धुळेकर: मी पुण्यात अशाच एका मालिकेसाठी राबलोय. एफआयआर, चार्जशीटच्या नकला, नातेवाइकांचे होकार, यातच जीव जातो. एवढं करून निर्माता विचारतो, "खुनाचं नाट्यरूपांतर कुठाय?" पैसे अजून अडकलेत.

रावेरचा_केळीवाला: मग एवढा वेळ वकिली कसली करत होतात?

साक्रीची_पोर: नकला काढता येतात ना? राईनपाड्याच्या काढा. घरच्यांशी मी बोलते, पण विहिरीकडे कोणाला चालवायचं नाही.

धुळेकर: कॅमेरा?

मोसमकाठ: माझा घ्या. खानदेशातला आहे.

यावलचा_भरीतप्रेमी: नाशिकचा.