बिलावर 'सागवान', आत पार्टिकल बोर्ड: परताव्यासाठी पुरावा कोणता? मदत हवी आहे

दादरच्या दुकानातून घेतलेलं डायनिंग टेबल, ३४,००० रुपये. बिलावर स्पष्ट 'सागवान'. कडेची पट्टी सुटली तेव्हा आत दाबलेला भुसा दिसला. दुकानदार फक्त क्रेडिट नोट देतो आणि बिलावरच्या 'विकलेला माल परत नाही' या ओळीकडे बोट दाखवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न घेणं ही अनुचित प्रथा आहे. आज बारावा दिवस.

फोटो काढलेत, टेबल वापरणं थांबवलंय, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय. स्पीड पोस्टाने नोटीस उद्या जाईल. अडतंय ते पुराव्यावर: सुताराचा लेखी अभिप्राय जिल्हा ग्राहक आयोगात चालतो, की आयोगच नमुना प्रयोगशाळेत पाठवेपर्यंत थांबायचं? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.