विषय: तातडीचे – स्प्लिट ते दुब्रोव्हनिक बस आणि सिंगल एंट्री व्हिसा

प्रेषक: सु. दे., झेंडलिंग (शुक्रवार, रात्री ११:४०)

म्युनिकच्या मराठी मंडळातील सर्वांना सप्रेम नमस्कार.

जूनच्या सहलीत जिने भेळेसाठी तीन किलो कांदा एकटीने चिरला, ती माझी भाची सध्या क्रोएशियात फिरते आहे (समुद्रकाठच्या झर्चे येथील रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या क्लबांतही ती जाऊन आली) आणि सोमवारी सकाळी तिला स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला जायचे आहे. बसचे तिकीट तिने महिनाभर आधीच काढून ठेवले होते. काल होस्टेलमध्ये तिला कोणीतरी सांगितले की ही बस वाटेत नेउम गावातून, म्हणजे बोस्नियातून जाते. तिचा व्हिसा मुंबईच्या जर्मन वकिलातीने दिलेला असून त्यावर प्रवेशांच्या रकान्यात ०१ असा आकडा छापलेला आहे. शेंगेनबाहेर (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांबाहेर) एकदा पाऊल पडले की तो व्हिसा संपला, एवढे मला कळते. सोमवारची बस नेमकी कोणत्या रस्त्याने जाणार, ते मात्र कळत नाही. तिचे मुंबईचे विमान पुढच्या रविवारी म्युनिकहून आहे.

ज्यांना निश्चित माहिती आहे त्यांनीच कृपया उत्तर द्यावे. मागे मी मराठी बोलणारा दंतवैद्य कोणाला माहीत आहे का असे विचारले होते, तेव्हा एकोणीस उत्तरे आली आणि त्यांत एकही दंतवैद्य नव्हता.

प्रेषक: म. ना., माजी सचिव (शनिवार, सकाळी ६:१०)

सु. ताई, काळजीचे काहीही कारण नाही. पेल्येशात्सचा पूल २६ जुलै २०२२ रोजी वाहतुकीला खुला झालेला आहे. कोमार्ना गावापासून समोरच्या द्वीपकल्पापर्यंत २,४०४ मीटर लांबीचा हा पूल एका चिनी कंपनीने बांधला, त्याचा बराचसा पैसा युरोपीय संघाने दिला, आणि क्रोएशियाच्या लोकांना स्वतःच्याच देशाच्या दक्षिण टोकाला जाताना परक्या देशातून जावे लागू नये, याच एका हेतूने तो बांधला गेला. पुढे १ जानेवारी २०२३ रोजी क्रोएशिया शेंगेनमध्ये आला, त्यामुळे म्युनिक ते दुब्रोव्हनिक हा सारा प्रवास आता एकाच व्हिसावर होतो.

क्रोएशियाच्या किनाऱ्याला मध्येच तोडणारी बोस्नियाची ही नेउमची पट्टी मुळात निर्माण कशी झाली, हेही सदस्यांना ठाऊक असावे. १६९९ च्या कार्लोवित्झच्या तहाच्या वेळी दुब्रोव्हनिकच्या प्रजासत्ताकाने व्हेनिसचे शेजारपण टाळण्यासाठी किनाऱ्याचा हा तुकडा आपण होऊन तुर्कांच्या हाती जाऊ दिला. त्याच वर्षाच्या अखेरीस औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसला होता, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल. आम्ही २०१८ साली मोटारीने गेलो तेव्हा पूल झालेला नव्हता आणि नऊ-दहा किलोमीटरांत दोनदा पासपोर्ट दाखवावे लागले. सौ.नी नेउमला घेतलेली अंजिरे मात्र अजून आठवतात.

प्रेषक: गौ., पासिंग (शनिवार, सकाळी ९:२५)

काकांनी सांगितलेला पूल खरा आहे, पण पूल असणे आणि आपली बस त्या पुलावरून जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी गेल्या सप्टेंबरात स्प्लिटहून दुब्रोव्हनिकला बसनेच गेले. आमची बस नेउमवरूनच गेली, कारण चालकाला तिथे वीस मिनिटांची विश्रांती घ्यायची होती आणि अर्ध्या प्रवाशांना स्वस्त सिगारेटी घ्यायच्या होत्या. क्लेकच्या सीमानाक्यावर चालकाने सगळ्यांचे पासपोर्ट गोळा केले, पत्त्यांच्या कॅटासारखे एका हातात धरले आणि तो खिडकीपाशी गेला. माझा निळा पासपोर्ट त्या गठ्ठ्यात वेगळा दिसत होता, आणि तो परत हातात येईपर्यंत मी त्याच्यावरची नजर हलवली नाही. माझ्याजवळ जर्मनीचे निवासपत्र होते, म्हणून कोणी काही विचारले नाही.

भाचीची अडचण दुहेरी आहे, हे ध्यानात घ्यावे. शेंगेनचा मल्टिपल एंट्री व्हिसा असेल तर बोस्निया वेगळा व्हिसा मागत नाही, परंतु सिंगल एंट्रीला ही सवलत नाही. त्यामुळे तिला एक तर क्लेकलाच उतरवतील, किंवा आत गेलीच तर पट्टीच्या दुसऱ्या टोकाला झातोन दोलीच्या नाक्यावर परत घेणार नाहीत. तिने बस कंपनीला फोन करून ‘नेउमला थांबता का’ एवढेच विचारावे. ‘पुलावरून जाता का’ असे विचारल्यास सगळेच हो म्हणतात. त्याहून सोपा उपाय म्हणजे कॅटमरान, ही वेगवान प्रवासी बोट. उन्हाळ्यात ती स्प्लिटहून बेटे घेत घेत दुब्रोव्हनिकला जाते आणि वाटेत परक्या देशाचा किनारा लागत नाही.

होस्टेलवाले मोस्तार आणि कोतोर यांच्या एक दिवसाच्या सहली विकतात. त्या अनुक्रमे बोस्निया आणि माँटेनेग्रोमधल्या आहेत, तेव्हा त्या वाटेलाही तिने जाऊ नये.

प्रेषक: सहल समिती (शनिवार, सकाळी १०:०५)

प्रवासविषयक सर्व शंका प्रथम सहल समितीकडे पाठवाव्यात, असे मार्चच्या सभेत ठरले होते, याची नम्र आठवण करून देत आहोत. समितीकडे क्रोएशियाची संपूर्ण माहिती असलेली फाइल आहे. (ती २०१९ ची आहे, पण किनारे तेच आहेत.) व्यक्तिशः असेही वाटते की तेवीस वर्षांच्या मुलीने रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या ठिकाणी एकटीने जावे की नाही, याचाही विचार कोणीतरी करावयास हवा होता.

प्रेषक: सु. दे. (शनिवार, दुपारी १:३०)

विचार झालेला आहे, आणि तो तिच्या आईने केलेला आहे. भाचीचाच निरोप खाली जसाच्या तसा देते.

“मावशी, मी सुखरूप आहे. झादारला समुद्रकाठच्या पायऱ्यांखाली पस्तीस नळ्या बसवल्या आहेत. लाट आत शिरली की त्यांतून हवा बाहेर पडते आणि पायरीतूनच सूर निघतो, जणू कोणी शेजारच्या खोलीत पेटीचा भाता नुसताच हलवत आहे. शेजारी काचेचे मोठे वर्तुळ आहे. ते दिवसभर ऊन साठवते आणि रात्री रंगीत उजळते. त्याचे नाव ‘सूर्याला नमस्कार’ असे कळल्यावर मी पहाटे तिथे खरोखरच बारा सूर्यनमस्कार घातले, आणि दोन जर्मन आजींनी टाळ्या वाजवल्या.

झर्चेविषयी सहल समितीच्या काकांना सांग की तिथे एकटी अशी मी नव्हतेच, होस्टेलमधल्या आम्ही पाच मुली होतो आणि एकमेकींना सोडून कोणी कुठेही जायचे नाही, असे ठरवून गेलो होतो. हे क्लब समुद्राला लागून, उघड्यावर आहेत. उजाडले की संगीत चालू असतानाच मागचे बोडके, पांढरे डोंगर दिसू लागतात, त्यांवर मेंढ्या चरत असतात, आणि रात्रभर नाचलेली माणसे एकदम ओशाळल्यासारखी दिसतात. साडेपाचच्या बसने आम्ही जवळच्या नोवाल्या गावी परतलो.

मालवणच्या माणसाला समुद्रकिनारा म्हणजे वाळू. इथे सगळीकडे गोटे, आणि पाण्यात काळे काटेरी समुद्री साळिंदर. नोवाल्यालाच एकाचा काटा माझ्या टाचेत शिरला. वाळू थेट स्प्लिटच्या बाच्वित्सेला भेटली. तिथे घोट्याएवढ्या पाण्यात पोटाळे आजोबा गोल करून उभे राहतात आणि एक छोटा चेंडू पाण्यात पडू न देता हाताने उडवत राहतात. या खेळाला पित्सिगिन म्हणतात. मला त्यांनी खेळायला घेतले, पण दुसऱ्याच चेंडूला बाहेर काढले.”

प्रेषक: अ. (शनिवार, दुपारी २:१५)

साळिंदराचा काटा बोथट सुईने उकरू नये, तो आतल्या आत मोडतो. सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, मग चिमट्याने सरळ ओढावा, आणि आत राहून सूज आली तर सरळ डॉक्टरकडे जावे. पाण्यात घालायचे रबरी बूट किनाऱ्यावरच्या प्रत्येक दुकानात मिळतात. मी ते न घेता ब्राच बेटावर ऐटीत उतरलो होतो आणि उरलेली सुट्टी टाचेवर चालत काढली.

प्रेषक: खजिनदार (शनिवार, दुपारी ४:००)

कोणीही विचारलेले नाही, म्हणून मी विचारतो की ही मंडळी रात्रभर नाचत असताना पासपोर्ट कुठे होता. तो क्रोएशियात हरवला तर झाग्रेबच्या आपल्या दूतावासातून भारतात परतण्यापुरता तात्पुरता कागद मिळू शकतो, परंतु व्हिसा हरवलेल्या पासपोर्टबरोबरच गेलेला असतो आणि मग म्युनिकमार्गे परतणे ही वेगळीच कटकट होऊन बसते. उलट तो होस्टेलमध्ये ठेवून गावोगाव हिंडणेही बरोबर नाही. शेंगेनच्या आतल्या सीमांवरही आजकाल तपासणी होते. स्लोव्हेनियाने क्रोएशियाच्या सीमेवर २०२३ पासून आणि जर्मनीने आपल्या जमिनीवरील सर्व सीमांवर २०२४ पासून ती पुन्हा सुरू केली आहे. माझ्या मते गाव बदलताना मूळ पासपोर्ट अंगावर असावा, आणि किनाऱ्यावर जाताना तो होस्टेलच्या कुलपात ठेवून फक्त छायाप्रत जवळ बाळगावी.

प्रेषक: म. ना. (शनिवार, सायंकाळी ५:२०)

पुलाविषयी मी दिलेल्या माहितीत कोणतीही चूक नाही, हे नोंदवून ठेवावे. बसचालकाला सिगारेटी हव्या होत्या, हा पुलाचा दोष नव्हे.

प्रेषक: सु. दे. (शनिवार, रात्री ९:५०)

गौ.च्या सांगण्याप्रमाणे भाचीने बस कंपनीला फोन केला. नेउमला थांबता का, या प्रश्नाला ‘हो, पण थोडाच वेळ’ असे उत्तर मिळाले. त्यावरून तिने बसचे तिकीट सोडून दिले, आणि त्याचे पैसेही परत मिळणार नाहीत. सोमवारच्या कॅटमरानमध्ये एकच जागा उरली होती ती घेतली आहे. जोराचा वारा सुटला तर बोट रद्द होते असे ऐकते, म्हणून विमानाच्या आधी हाताशी तीन दिवस राखले आहेत. दुब्रोव्हनिकहून ती विमानाने सरळ म्युनिकला येईल, तेव्हा वाटेत सीमेचा प्रश्न उरत नाही. पासपोर्ट रात्री होस्टेलच्या कुलपात होता आणि किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात होती, असे खजिनदारांना कळवायला तिने सांगितले आहे. टाचेतला काटा अ.च्या पद्धतीने निघाला.

प्रेषक: म. ना. (शनिवार, रात्री १०:१५)

उत्तम झाले. कॅटमरानमधून पेल्येशात्सच्या पुलाचे एक चांगले छायाचित्र तिने काढून पाठवावे, म्हणजे ते मंडळाच्या दिवाळी अंकात माझ्या लेखासोबत छापता येईल.

प्रेषक: गौ. (शनिवार, रात्री १०:२२)

काका, कॅटमरान द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडून जाते. पूल उत्तरेला आहे.